तिसरं फाटक

दुपारी लेकीच्या खोलीत ताट ठेवून यायचं, एवढंच माझं काम होतं. तिची जिवाभावाची मैत्रीण, आम्ही तिला भिंगरी म्हणायचो, मागच्या महिन्यात तापाने गेली. तेव्हापासून पोरीचं जेवणावरचं मन उडालं होतं. दोघींनी मिळून कॉम्प्युटरवर सर्किट मांडलं होतं. खरं नव्हे, पडद्यावरचं. उद्या ते सरांपुढे चाललं नाही तर वर्ष बुडणार होतं.

खिडकी बंद. कॉम्प्युटरचा पंखा धापा टाकत होता. तापलेल्या धुळीच्या वासात मला निलगिरीचा वास आला. भिंगरीला बारमाही सर्दी, रुमालाला निलगिरी लावून फिरायची.

लेकीने मला समजावलं. चार भाग, आणि चौघांत एकच सामाईक तार. तिला बस म्हणतात. तारेवर बोलायला प्रत्येकाला एक फाटक. एका वेळी एकच उघडायचं. एकच बोलला की तार हिरवी, दोघं एकदम बोलले की लाल. सगळे गप्प, तर निळी. तिसरा भाग भिंगरीचा. तो बघवेना म्हणून लेकीने कालच फाटकासकट पुसला होता, आणि आता तिला तो पुन्हा जमत नव्हता.

“सगळी फाटकं बंद आहेत,” ती कुजबुजली. “तरी बघ...”

तार हिरवी होती. तिच्यावर आकडे सरकत होते. लेकीने दुसरं फाटक उघडलं, तर तार लाल. कोणीतरी मध्ये बोलत होतं.

अंगावर काटा आला, पण त्याहून राग आला. भुताला मी भीत नाही, पोर उपाशी राहिली की भिते. पडद्याकडे बघून बजावलं, “भिंगरे, जिवंत होतीस तेव्हाही कुणाला बोलू दिलं नाहीस. हिचं वर्ष जाईल. पाळीपाळीने बोल.”

“आई... तिला रागावू नको ना.”

मग लेकीलाही सुनावलं, की तिचं फाटकच पुसलंस तर तिने यायचं कुठून? काढ परत. तिने काढलं. मागे भिंगरीचा भाग नाही, नुसतं फाटक. तार हळूहळू निळी झाली. फाटक उघडलं तसे आकडे आले, भिंगरीच्या भागाचे, हवे तेच. मग बाकीचे भाग एकेक करून बोलले. कुठे लाल नाही. ताट गार झालं होतं, तरी पोरीने चाटूनपुसून खाल्लं.

दुसऱ्या दिवशी ती पास होऊन आली. सांगत होती, तिसरं फाटक सरांनी स्वतः उघडलं. आकडे बघून मान डोलावली, गुण लिहायला पेन उचललं आणि पुन्हा पडद्याकडे बघून हळूच विचारलं,

“हे फाटक आत्ता बंद कोणी केलं...?”