भूगोलाचं बंद फोल्डर

जिन्याच्या वळणावर ती त्याच्यावर जाऊन आदळली, तेव्हा तिच्या हातातल्या चिठ्ठ्या उडाल्या आणि त्याच्या हातातली कॉफी. कॉफी नशिबाने भिंतीवर गेली. दुसरी कुणी असती तर "सॉरी, सॉरी" करत सुटली असती. हिने नुसते हात जोडले. बिचारी करणार काय? घशाच्या डॉक्टरांनी महिनाभर अवाक्षर काढायचं नाही असं बजावलं होतं, आणि त्यातले अजून अकरा दिवस बाकी होते.

त्याने वाकून चिठ्ठ्या गोळा केल्या. वरच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, "सर्व्हरवाले दादा कुठे आहेत? जीव जायची वेळ आली आहे."

"कुणाचा जीव?" त्याने विचारलं.

तिने स्वतःकडे बोट दाखवलं.

"मग पटकन चला. सर्व्हरवाला मीच."

ती काम करायची ते ऑफिस अंध मुलांसाठी पुस्तकं आवाजात भरायचं. माइकसमोर बसून वाचणारी ती. भूगोलाचे अडतीस धडे वाचता वाचता तिचा घसा बसला, आणि मग गप्प बसून तिने एकोणीस दिवस त्याच धड्यांतले खोकले नि अडखळणं कापून काढलं. सोमवारी मुलांची परीक्षा. आज शुक्रवार, दुपारचा एक वाजलेला. चार वाजेपर्यंत सगळे धडे शाळेला पाठवायचे होते, आणि त्या मुलांकडे भूगोलाचं दुसरं पुस्तक नव्हतं. धडे गेले असते तर पुन्हा वाचणार कोण? हिला तर तोंड उघडायची सोय नव्हती.

तिच्या टेबलाशी पोचल्यावर तिने स्क्रीनकडे हात केला. अडतीस धड्यांची नावं ओळीने दिसत होती, पण प्रत्येक नावाच्या आधी नुसती प्रश्नचिन्हं. मालक कोण, प्रश्नचिन्ह. आकार किती, प्रश्नचिन्ह. एकही धडा उघडत नव्हता. तिने वहीत लिहायला सुरुवात केली, आणि लिहिता लिहिता तिचे डोळे भरून आले.

तो उभाच होता. वाकून वाचत नव्हता, "हां हां, कळलं" म्हणत नव्हता. तिने पेन खाली ठेवल्यावरच त्याने वही घेतली. "मागच्या आठवड्यात कुणीतरी चुकून नववा धडा पुसला; त्या एकाचीच प्रत माझ्याकडे होती म्हणून निभावलं. पुन्हा तसं नको म्हणून मी आज सगळ्याला कुलूप लावायला गेले. एका ठिकाणी वाचलं होतं की सहा-चार-चार लावलं की मालकाला लिहिता येतं आणि बाकीच्यांना फक्त वाचता येतं. लावलं. आता मलाच काही उघडत नाही. माझ्या हातून सगळं गेलं का हो?"

"काही गेलेलं नाही," तो म्हणाला. मग तिचा चेहरा बघून पुन्हा म्हणाला, "खरंच. रडू नका. तुमचा आकडा बरोबर होता, लावला चुकीच्या ठिकाणी. बसा आधी."

तिच्याच वहीत त्याने तीन आकडे लिहिले. "चार म्हणजे वाचणं, दोन म्हणजे लिहिणं. दोन्ही मिळून सहा, बरोबर? फाईलला तेवढं पुरतं. फोल्डरला मात्र आणखी एकचा आकडा लागतो — आत पाऊल टाकायची परवानगी. तुम्ही तो एक काढून घेतलात. त्यामुळे दारातून नावं वाचता येतात, आत जाता येत नाही. मशीनलाही पुढे आत शिरता आलं नाही, म्हणून आतल्या धड्यांना काही झालेलंच नाही."

तिने कीबोर्ड त्याच्याकडे सरकवला. त्याने तो तिच्याकडे परत सरकवला.

तिने डोळे मोठे केले.

"माझ्याकडे अख्ख्या मशीनचा ताबा आहे, मी एका क्षणात उघडीन," तो म्हणाला. "पण फोल्डर तुमचं आहे. मालकाला आत जाता येत नसलं तरी परवानगी बदलता येते... ती कुणी काढून घेऊ शकत नाही. तुम्हीच करा. मी इथेच आहे."

परवानगी बदलायची आज्ञा त्याने सांगितली; टाइप करताना ती दोनदा चुकली. तिसऱ्यांदा नीट उमटलं — chmod 755 bhugol. सात तिला, म्हणजे सगळं; पाच ऑफिसच्या गटाला आणि पाच बाकीच्यांना, म्हणजे नुसतं वाचणं नि आत जाणं. तिने बटण दाबलं आणि यादी पुन्हा मागवली.

प्रश्नचिन्हं गेली! अडतीस धडे, प्रत्येकासमोर मालक म्हणून तिचं नाव. तिचा जीव भांड्यात पडला. आनंदाने तिने त्याचा दंडच धरला, आणि भानावर येऊन असा सोडला की जणू चटका बसला.

"आता आतल्या फाईलींना लावा तुमचा सहा-चार-चार," तो घसा खाकरून म्हणाला. त्याचे कान मात्र लाल झाले होते. "आणि एक... फाईल पुसता येते की नाही, हे फाईलवर नसतं, फोल्डरमध्ये लिहायची परवानगी कुणाला आहे त्यावर असतं. आता ती फक्त तुम्हाला आहे. नववा धडा सुखरूप."

खात्री करायला तिने एकतिसावा धडा लावला. खोलीत तिचा आवाज आला. वारे कसे वाहतात ते सांगणारा, सावकाश, समजुतीचा. दोन मिनिटांचा तुकडा होता. तो संपला तरी हा हलेना.

"हा... तुमचा आवाज?"

तिने मान डोलावली आणि वहीत तोंड लपवलं.

"अक्षरावरून वाटलं होतं, तुम्ही भरभर बोलत असाल."

तिने लिहिलं, "अक्षराला बंदी नाही ना, म्हणून ते सुटलंय."

तीन वाजून वीस मिनिटांनी सगळे धडे शाळेला पोचले.

तो खरा मंगळवारी आणि शुक्रवारीच येणारा माणूस. पण शनिवारीही उगवला. म्हणे, सर्व्हरचा पंखा कुरकुरतोय का बघायचं होतं. सोमवारी तारा बघायच्या होत्या. बुधवारपर्यंत ऑफिसच्या मोठ्या बाईंनी विचारलंच, "दादा, मशीन एवढं आजारी आहे का हो?" सगळे हसले. तो गेला की हिचं कामात लक्ष लागेना.

गुरुवारी तो म्हणाला, "तुम्ही मला काहीच म्हणत नाही. म्हणजे, कागदावरसुद्धा. सगळे दादा म्हणतात."

"मी नाही म्हणणार," तिने चिठ्ठीवर लिहिलं.

"जिन्यातल्या चिठ्ठीत तर म्हटलं होतंत!"

"तेव्हा तुम्हाला पाहिलं नव्हतं."

तिची ही नवी चिठ्ठी त्याने घडी करून खिशात टाकली. परत मागितली तर देईना.

शुक्रवारी दुपारी शाळेतल्या बाईंचा फोन आला. पेपर चांगला गेला होता, आणि भूगोलाच्या ताईंना थँक्यू सांगा म्हणून मुलांनी फोनभोवती गलका केला होता. हिला उत्तर देता येईना, तर हिने फोनवरच टाळ्या वाजवल्या. मग धावत खाली गेली. तो पायरीवर बसून डबा खात होता. तिने पानभर आभार लिहून त्याच्यापुढे धरले.

त्याने शेवटपर्यंत वाचलं आणि डबा बाजूला ठेवला. "हे... हे नका मानू."

का, म्हणून तिने भुवई उडवली.

"कारण मला काहीतरी विचारायचंय. आणि तुम्ही उपकार मानून हो म्हणाल, अशी भीती वाटते. मला तसलं हो नकोय." तो खाली बघत होता. "तुम्ही मला आवडता. फार. आयुष्य बरोबर काढावं असं वाटतं. बस्स... सांगितलं."

तिने वही मांडीवर घेतली. "हो," तिने लिहिलं. तो उजळला, पण ती थांबेना. लिहीतच राहिली. तो घामाघूम झाला, तरी मान वाकडी करून बघितलं नाही त्याने. शेवटी पेन खाली आलं.

"हो. आणि उपकार कसले? बटण मी दाबलं, फोल्डर माझं. आभार वेगळेच आहेत. सव्वीस दिवस झाले, लोक माझं अर्धं वाक्य वाचून उत्तर देतात. आईसुद्धा. मी काय म्हणणार ते सगळ्यांना आधीच ठाऊक असतं. तुम्ही एकटे मला संपेपर्यंत थांबता. मला आवाज नव्हता तेव्हाही तुम्ही माझं ऐकलंत. त्याबद्दल मी जन्मभर आभारी राहणार, आवडो वा न आवडो. घरी मात्र तुम्ही सांगायचं. मला अजून चार दिवस बोलायला बंदी आहे."

त्याने ते दोनदा वाचलं. आनंदाने हसला, आणि मग शेवटच्या ओळी पुन्हा वाचून त्याच्या तोंडचं पाणीच पळालं.

"म्हणजे... तुमच्या आईंना? मी एकट्याने?"

तिने हसत हसत मान डोलावली आणि त्याचा हात धरून त्याला उठवलं.