डावीकडचे मुके सी

"वही माझी, पुस्तकावर नाव येणार त्याचं. आणि क्लासात चोर कोण, तर मी."

विश्रांतवाडीची वैष्णवी सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करत होती. जीव मात्र सदाशिव पेठेतल्या पियानो क्लासात अडकलेला. तीस गाण्यांना तिने कॉर्डची चिन्हं बसवली होती. चिन्ह बघायचं आणि त्याभोवती आपले सूर भरत जायचं, अशी ती वही. ती क्लासातून नाहीशी झाली. महिन्याभरात क्लासातल्याच इंद्रजीतने तीच गाणी टाइप करून प्रकाशकाला दिली. वैष्णवी बोलली, तर रंगराव सरांनी तिलाच काढून टाकलं.

गुप्तहेर विमलाबाई तिला आणि मदतनीस नागोरावांना घेऊन क्लासात गेल्या. सरांनी बसासुद्धा म्हटलं नाही.

"पाटी वाचता येते ना? एक ते चार बंद."

"येते. एकला दहा मिनिटं आहेत." विमलाबाईंनी पियानोच्या डावीकडच्या पट्ट्या दाबल्या. त्यातल्या दोन पट्ट्या वाजल्याच नाहीत.

"हात लावू नका. मंडईतली वांगी नाहीत ती. ते दोन्ही सी सूर वर्षभर बंद आहेत. आता नवा पियानोच येतोय."

कोपऱ्यात बसलेला इंद्रजीत हसला. "मी या खोक्याला हातही लावत नाही. सगळं घरी, नव्या कीबोर्डवर बसवलंय. हिच्याकडे तर घरी वाजवायला काहीच नाही."

नागोराव इंद्रजीतची टाइप केलेली पानं उलटत होते. "जिथं सी, तिथं तिरकी रेघ आणि खाली जी. छपाईची चूक दिसते."

"चूक नाही, काका. रेघेखालचा सूर डाव्या हातात. माझी स्टाइल आहे ती."

विमलाबाई सरांकडे वळल्या. "गाणं सी कॉर्डवर संपलं, तर डाव्या हातात काय घ्यायचं?"

"सी. नवशिक्यालाही कळतं."

"मग इथं तीसही गाण्यांत जी का?"

विमलाबाईंनी त्या मुक्या पट्ट्या पुन्हा दाबल्या.

"कारण लिहिणारीच्या पियानोवर डावीकडचे सी मुके होते. ती इथंच सराव करायची, म्हणून जी सुरावर भागवलं. इंद्रजीत, तुझ्या कीबोर्डवर सगळे सी वाजतात. तू नुसतं उतरवलंस."

इंद्रजीतची मान खाली गेली.

"आणि सर, पियानो तुमचा. पहिल्याच पानावर तुम्हाला कळलं असणार. नवा कोण देतंय?"

"याचे वडील," सर पुटपुटले. मग वैष्णवीकडे न बघता म्हणाले, "उद्यापासून ये क्लासला."

वैष्णवीला त्यांची किळस आली. तिने टेबलावरचा फोन त्यांच्यापुढे सरकवला.

"क्लास नको. प्रकाशकाला फोन लावा. माझं नाव आडनावासकट सांगा, मी ऐकतेय."