कंदिलाचा ॲप्रन

बसा असे दिव्याजवळ. सांगतो, पण मध्येच "अहो, लहान मुलंच ती" म्हणू नका. ते ऐकून कान किटलेत माझे.

नातीला आणायला बालवाडीत गेलो होतो. रोजचंच काम. जन्मभर हेडमास्तरकी केली मी, तिथल्या बाईंचे चोचले बघून डोकंच उठायचं. म्हणे, 'स्वतःला ओळखा, मित्राला ओळखा'. ज्यांना अजून नाक पुसता येत नाही, ते स्वतःला काय डोंबल ओळखणार? पोरांना वाचता येत नाही, म्हणून प्रत्येकाच्या ॲप्रनवर एक चित्र. आमच्या ठकीचं बदक. त्या दिवशी बाईंनी नवीन थेर काढलं होतं: मित्राशी ॲप्रन बदलायचा आणि सुटेपर्यंत त्याच्यासारखं वागायचं. घरी जाताना दोघांनी समोरासमोर उभं राहून आपापला परत घ्यायचा.

वीज गेली होती. वर्गात ओल्या मातीचा, खळीचा कोंदट वास. बाई दारात पालकांशी लाडे लाडे बोलत होत्या. ठकी कोपऱ्यात एकटीच उभी. अंगात कंदिलाचा ॲप्रन.

"चल."

"मी ठकी नाही," ती हळूच म्हणाली. "ठकी आत आहे... बदलायचं राहिलंय आमचं."

आत म्हणजे खेळण्यांच्या खोलीत. तिथं अंधार गुडुप. त्यातून बारीक आवाज आला, "आजोबा..."

पोरं नकला करतात, मला काय ठाऊक नाही? "पुरे नाटकं," म्हणून मी तो ॲप्रन स्वतःच ओढून काढला, खुंटीवर टाकला आणि पोरीला घेऊन निघालो.

वाटेत तिनं विचारलं, "आपण कुठं राहतो?"

म्हटलं, खेळ डोक्यात गेलाय, उतरेल. उतरला नाही. आमची ठकी डावखुरी. ही उजव्या हातानं जेवली, शीतही न सांडता. सून खूश. "बघा ना बाबा, किती शहाणी झाली." धन्य ती आई. पोटची पोर ओळखता येईना.

दुसऱ्या दिवशी बाईंना गाठलं. कंदील कुणाचा?

"कंदील?" बाई हसल्या. "असं चित्रच नाही आपल्याकडे. उलट ठकीचं बदक सापडत नाहीये."

मग पोरीलाच दरडावलं, "आत्ताच्या आत्ता परत बदला."

"आता कसं?" ती शांतपणे म्हणाली. "तिनं तुम्हाला हाक मारली होती. तुम्ही मला आणलंत..."

त्या दिवसापासून रोज, बाई त्या खोलीला कुलूप लावायला लागल्या, की आतून ठकी हाक मारते. फक्त मलाच ऐकू येते. दोनदा दार उघडायला लावलं. खोली रिकामी. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसा मी आयुष्यभर अडाणी पालकांकडे पाहत आलो. माझी ठकी तिथं अंधारात आहे हो, आणि या दीडशहाण्या बाईला मी ते पटवून देऊ शकत नाही.

काल तिनं पुन्हा हाक मारली, "आजोबा..."

मी तोंड उघडायच्या आत आतूनच कुणीतरी 'ओ' दिली. माझ्याच आवाजात.