भोक चुकवणारं अक्षर

"पळा! डोनट भिजले तर मामी मलाच ओरडेल!" झोहारा किंचाळली.

"मग एवढे घ्यायला कुणी सांगितलं होतं?" एल्काना पुढून ओरडला.

हनुक्काची, म्हणजे ज्यूंच्या दिव्यांच्या सणाची सुट्टी आणि वर जेरुसलेमचा बोचरा पाऊस! नाखलाओत या जुन्या वस्तीच्या अरुंद बोळांतून तिघं धावत सुटली होती. सर्वांत पुढे अकरा वर्षांचा एल्काना, त्याच्या मागे मोठी बहीण पेनिना आणि डोनटचं खोकं पोटाशी धरलेली त्यांची आतेबहीण झोहारा. ती सुट्टीसाठी हैफाहून आली होती. निस्सीम आजोबांचा फोनच तसा आला होता. "तिघंही या! आत्ताच्या आत्ता!"

निस्सीम आजोबा निवृत्त शिक्षक. त्यांना नाद एकच, जुन्या रब्बींचे, म्हणजे ज्यू धर्मगुरूंचे, हिब्रू ग्रंथ जमवायचा. त्यांच्या घरी बसायचं तर आधी खुर्चीवरची पुस्तकं उचलावी लागत.

"हात पुसा आधी!" आजोबांनी टेबलावरचा फडका बाजूला केला. खाली एक कातडी बांधणीचा ग्रंथ होता. "इटलीतल्या लिव्होर्नोत छापलेला. पण छपाईचं सोडा, हे पाहा."

पहिल्या पानावर तपकिरी शाईत, मोरोक्कोचे रब्बी लिहीत तशा जुन्या वळणदार अक्षरात एक ओळ होती. "शलोम, मेकनेस."

"रब्बी शलोम, माझे खापरपणजोबा!" आजोबांचा आवाज कापला. "गाव सोडताना त्यांचे सगळे ग्रंथ हरवले. उभा जन्म शोधत होतो. अव्नेरच्या जुन्या ग्रंथांच्या दुकानात आज सकाळी अदलाबदलीत मिळाला." त्यांनी वाकून त्या सहीचं चुंबन घेतलं.

पेनिनाने त्या ओळीवर पुन्हा नजर फिरवली. ते अक्षर तिचं होतं!

गेल्याच आठवड्यात अव्नेरकाकांनी तिला दुकानात बोलावलं होतं. "दुकानाच्या काचेत अक्षराचा नमुना ठेवायचाय गं. या ग्रंथाच्या कोऱ्या पानावर एवढं नाव लिहून दे." खऱ्या पुस्तकात कशाला लिहायचं, अशी शंका तिला आली होती. मेकनेस म्हणजे आजोबांचं गाव, हेही मनात चमकून गेलं होतं. पण काका म्हणाले, "असं अक्षर अख्ख्या शहरात कुणाचं नाही!" आणि ती फुलून गेली. हे अक्षर तिला शिकवलं कुणी? निस्सीम आजोबांनीच!

"बदल्यात काय दिलंत?" एल्कानाने विचारलं.

"माझा ग्रीसमधल्या सालोनिकाचा ग्रंथ."

"तो? ज्याला हात लावायच्या आधी आम्हाला साबणाने हात धुवायला लावता तो?" झोहाराचा आ वासला.

"तोच," आजोबा हसले. त्यांचे डोळे भरले होते.

एल्काना मात्र हसला नाही. भिंग घेऊन तो पानावर वाकला होता. जरा वेळाने त्याने दोघींना जिन्यात ओढलं.

"सही खोटी आहे!" तो कुजबुजला. "पानाला किड्याने पाडलेलं भोक आहे ना? सही आधी झाली असती, तर किड्याने अक्षरही खाल्लं असतं. इथे अक्षर भोकाला वळसा घालून गेलंय! म्हणजे भोक आधी पडलं, सही नंतर झाली."

"वा रे पठ्ठ्या!" झोहारा म्हणाली. "कोण तो लबाड? सापडू दे, शिळा डोनट फेकून मारते त्याला!"

"मार मग," पेनिना म्हणाली. "मी लिहिलंय ते."

मग तिने सगळं सांगितलं.

"आधी पुरावा मिळवू," एल्काना घाईने म्हणाला. "आजोबांना नंतर सांगू. अव्नेरकाका सरळ नाकबूल करतील!"

"नाही. त्यांना त्या पानाचं आणखी एकदाही चुंबन घेऊ देणार नाही मी," असं म्हणून पेनिना वर गेली.

आजोबांनी शांतपणे ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला, पण परत घातलाच नाही.

"तुला शंका केव्हा आली?"

"लिहितानाच," पेनिनाला हुंदका फुटला. "पण काका कौतुक करत होते."

आजोबांनी ग्रंथ हलकेच मिटला. ते रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं!

शेवटी झोहाराच दारातून म्हणाली, "आजोबा, छत्री घ्या. माझ्याकडे एक युक्ती आहे."

थोड्याच वेळात दोघी मुली अव्नेरकाकांच्या दुकानात शिरल्या. दार त्यांनी मुद्दाम अर्धवट उघडं ठेवलं.

"काका, ही माझी आतेबहीण," पेनिना म्हणाली.

"माझ्या हैफाच्या आजोबांना मोरोक्कोतल्या फेझच्या रब्बींची सही असलेला ग्रंथ हवाय," झोहाराने भोळा चेहरा केला. "पण तुमच्याकडे तसा नसेल, तर... पेनिनाने लिहिलेली सहीही चालेल मला."

"नसेल कसा?" अव्नेरकाकांनी पेनिनाकडे पाहून डोळा मारला. "ही आहे ना लिहायला! तुझ्या आजोबांना कळणार आहे होय? त्या निस्सीमने तर डोळे मिटून घेतला!"

"डोळे मिटून नाही, अव्नेर," दारातून आवाज आला. ओली छत्री मिटत निस्सीम आजोबा आत आले. "डोळे भरून आले होते, म्हणून दिसलं नाही."

अव्नेरकाकांचा चेहरा पांढरा पडला. "अहो, गंमत केली मी..."

"शेजारच्या मसालेवाल्यांनीही ऐकली गंमत!" एल्कानाने आत डोकं घातलं. त्याच्यामागे मसालेवाले हाताची घडी घालून उभे होते.

सालोनिकाचा ग्रंथ मुकाट्याने परत आला.

"मग माझं ते लिव्होर्नोचं...?" काका चाचरले.

"ते माझ्याकडेच राहील," आजोबा म्हणाले. " आणखी कुणाच्या गळ्यात पडायला नको."

संध्याकाळी घरी सगळ्यांनी कौतुकाचा वर्षाव केला. बाबांनी एल्कानाची पाठ थोपटली. "अक्षर वळलेलं तुला दिसलं, शाबास!" निस्सीम आजोबांनी झोहाराच्या युक्तीची तारीफ केली. "आणि पेनिना, तूही कमाल हिंमत केलीस हं," आई म्हणाली. पेनिनाने हातातला डोनट तसाच बशीत ठेवला. आता आजोबा शिकवणार नाहीत, हे तिने मनोमन धरलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला एकटीलाच बोलावलं. टेबलावर ते पान उघडं होतं. शेजारी टाक आणि शाई.

"याच्या खाली लिही," ते म्हणाले. "त्याच अक्षरात, पण या वेळी तुझ्या नावाने."

पेनिनाने टाक शाईत बुडवला. तिने लिहिलं, "वरची ओळ रब्बी शलोम यांची नाही. ती जेरुसलेममध्ये पेनिनाने लिहिली."

ओळ वाकडी आली. एरवी आजोबांनी एकेक अक्षर सुधारलं असतं. आज त्यांनी नुसती हलकी फुंकर घातली आणि शाई वाळेपर्यंत थांबले.

"आता हे पुस्तक खोटं बोलणार नाही," असं म्हणत त्यांनी ते सालोनिकाच्या ग्रंथाशेजारी ठेवलं. मग पाठमोरेच म्हणाले, "उद्या लवकर ये. धडा राहिलाय."

पेनिनाने टाक पुसून ठेवला. "येते," ती म्हणाली.