वायर सोडू नका

दोन झटके म्हणजे सापडली. तीन झटके म्हणजे सोडा.

खुर्चीत झोपलेला म्हातारा, मांडीवर उघडं वर्तमानपत्र.

गच्चीची किल्ली जागेवर नाही.

हिरवा दिवा. लाल. हिरवा.

"अगं, आत्ता तर बोललीस की."

कशाचा कशाशी मेळ नाही, ठाऊक आहे. माझ्या मावसबहिणीनं मला हे असंच तुकड्या-तुकड्यांत सांगितलं. तिला आम्ही ताई म्हणतो. ती थापा मारणाऱ्यांतली नाही. भुताच्या गोष्टी निघाल्या की पहिली जांभई तिचीच. त्यामुळे हे खरं आहे, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगतो.

रात्र नव्हती. मंगळवारची दुपार होती, बाहेर लख्ख ऊन.

ताईचं भाड्याचं घर तळमजल्यावर, मागच्या अंगाला. भिंती जाडजूड. आत मोबाइलला रेंज नाही. बाहेरच्या जगाशी संबंध एकच... भिंतीतल्या भोकातून आलेली पांढरी वायर.

आणि नेट रोज जायचं.

दुपारीच.

एरवी तिनं चालवून घेतलं असतं. पण काका, म्हणजे तिचे वडील, दुसऱ्या गावी एकटे राहत. त्यांना सांभाळणाऱ्या बाई दुपारी आपल्या घरी जात. तेवढा वेळ ताई ऑफिसचं काम करता करता कॅमेऱ्यातून त्यांच्यावर लक्ष ठेवी. आधीच्या आठवड्यात नेट गेलं, आणि नेमके तेव्हाच काका काठी न घेता उठले. पडले. बाई परत येईपर्यंत तसेच फरशीवर. ताईला पत्ताच नाही.

तेव्हापासून ती नेटच्या मागेच लागली होती.

तिनं राउटर बंद करून चालू केला. हलवला. पुसलासुद्धा. हेल्पलाइनला फोन लावायला फाटकापाशी जावं लागे, आणि तिकडची मुलगी म्हणे, "मॅडम, राउटरजवळ जाऊन कुठले दिवे लागलेत ते सांगा." राउटरजवळ गेलं की फोन बंद.

शेवटी लाइनमन आला. पोक्त, बडबड्या.

"ताई, राउटर ठणठणीत आहे. दुखणं वायरीत आहे. पण गच्चीवर वायरींचा नुसता गुंता झालाय, त्यातली तुमची कुठली ते ओढूनच कळणार."

"मग मी काय करू?"

"ही वायर अशी हातात धरून बसा. वरून दोन झटके आले की तुम्हीही दोन द्या, म्हणजे मला सापडली. तीन आले की सोडा. फोन लागत नाही तुमच्याकडे, मग काय, कबुतर पाठवू?"

तो गेला.

ताई भिंतीला टेकून खाली बसली. वायर मुठीत. समोर लॅपटॉपवर काका खुर्चीत डुलक्या घेत होते.

थोड्या वेळानं वायर हलली...

एक. दोन.

तिनं दोन झटके दिले.

पुन्हा दोन. तिनं पुन्हा दिले. पुन्हा दोन. तिला वाटलं, वर त्याला ओळखू येत नसेल. ती इमानेइतबारे उत्तर देत राहिली.

दारावर थाप पडली.

लाइनमन घाम पुसत उभा होता. "ताई, गच्चीची किल्ली जागेवरच नव्हती हो. आत्ता मिळाली. जातो वर."

ताईची मूठ मिटलेलीच होती.

मुठीतली वायर हलली...

एक. दोन.

त्यानंही ते पाहिलं. आत येऊन वायरीला हात लावला, आणि चटका बसल्यासारखा काढून घेतला.

"तुम्ही उत्तर दिलंत?"

"तुम्हीच सांगितलं होतंत ना."

तो तडक वर गेला. खाली आला तो उंबऱ्याबाहेरच थांबला.

"तुमची वायर वर जोडणीच्या डब्याला घट्ट आवळलेली आहे. तिकडून कुणाला ओढता यायची नाही. वर हलत नाही, खाली हलते. म्हणजे जे काही आहे ते मध्ये."

"मध्ये काय आहे?"

"भिंत."

उद्या नवी वायर टाकतो म्हणाला, आणि निघून गेला. हत्यारांची पिशवी तिथंच विसरून.

ताईनं वायर सोडली.

दिवा लाल. लॅपटॉपवर काका गोठले.

तिनं वायर धरली. दिवा हिरवा. काकांनी मान हलवली.

पुन्हा सोडली. लाल.

मग ती धरूनच बसली. दुसरं काय करणार? पण वायर आता आत जात होती... अगदी हळू. आधी तिचं मनगट भिंतीला लागलं. मग कोपर. मग खांदा.

तिनं तीन झटके दिले. सोडा.

वायर थांबली.

मग आतून झटके आले...

एक. दोन. तीन.

तिनं हात झटकला आणि अनवाणीच फाटकापाशी धावली. मोबाइलवर कॅमेरा उघडला.

खुर्ची रिकामी होती.

तिनं काकांना फोन लावला.

"बाबा, कुठे आहात?"

"अगं, आत्ता तर बोललीस की. भिंतीपाशी या म्हणालीस. आलो बघ, काठीबिठी न घेता."

"बाबा, मी नाही बोलले. आहात तिथंच खाली बसा."

"हो, पण इथंही तूच आहेस ना... मग तिकडून कोण बोलतंय?"

ताई पळत आत आली आणि तिनं वायर पकडली.

दिवा हिरवा. काका खुर्चीत, मांडीवर वर्तमानपत्र. झोपलेले.

संध्याकाळी बाई आल्या तेव्हाही ते खुर्चीतच होते. फक्त खुर्ची भिंतीला चिकटली होती. ती जड खुर्ची बाईंना एकटीला हलेना.

दुसऱ्या दिवशी वायर बदलली. दुसऱ्या लाइनमननं. पहिला पिशवी न्यायलासुद्धा फिरकला नाही. नव्या वायरीचंही तेच. तिच्या नवऱ्यानं धरली तर दिवा लाल. ताईनं धरली की हिरवा. आता रोज दुपारी ती तिथं बसते, भिंतीला खांदा लावून.

मी म्हटलं, "ताई, सरळ उठ आणि काकांकडे जा."

"जायचं म्हणजे सोडावं लागेल," ती म्हणाली. "मी रस्त्यात असेन तेव्हा त्यांच्यापाशी कोण असेल, ते तू सांग."

 मग मीच काकांना फोन केला. म्हटलं, आवराआवर करून ठेवा, उद्या न्यायला येतो.

"मी कशाला येऊ?" काका म्हणाले. "ती असते की माझ्याजवळ दुपारभर."

"कुठे असते?"

"कुठे म्हणजे... ही काय, इथे."

आणि फोनमध्ये, अगदी जवळून, कुणीतरी श्वास घेतला...

मी अजून गेलेलो नाही. रोज ठरवतो.

काकांचं गाव ताईच्या घरापासून बसनं तासाभरावर आहे. ते भाड्याचं घर तिनं काकांना जवळ पडावं म्हणूनच घेतलं होतं.