गाडीचा केसपेपर

कालव्याची पाळ अर्धी चढली नाही तोच गाडीला पुन्हा उचक्या लागल्या.

"आई, जोरात दाब!" मागच्या सीटवरून अनुप ओरडला.

"दाबूनच तर राहिली मी," रीना म्हणाली.

तिनं पाय दाबला की गाडी खोकायची, मागेपुढे झटके द्यायची आणि मरगळायची. पाय सैल सोडला की लगेच शहाण्यासारखी चालायची. तेवढ्यात मागून अमरकाकाची मोटरसायकल आली आणि खिडकीशेजारी हळू झाली.

"वहिनी, गाडी काहून लाजून राहिली? उतरून ढकलू का?"

अनुपजवळ बसलेला शेजाऱ्यांचा गोलू खदखदून हसला. मग तृप्तीचे डोळे दिसताच त्यानं त्या हसण्याचा घाईघाईनं खोकला करून टाकला.

तृप्ती तेरा वर्षांची होती आणि तिला माणसं न्याहाळायची खोड होती. कोण किती हसतं, कोण बोलताना कुठं बघतं, सगळं तिच्या डोक्यात टिपलेलं असायचं. आज तिनं एवढंच टिपलं, की आईनं काकाला उलट उत्तर दिलं नाही. एरवी एका वाक्यात काकाला गप्प करणारी आई आज नुसतीच समोर बघत राहिली.

रीना गोसीखुर्दजवळच्या एका पुनर्वसित गावात उपकेंद्रावर नर्स होती. तिथं त्यांच्या पवनीहून एसटी जायची ती दिवसातून एकदा, तीही दुपारनंतर, आणि तापानं फणफणलेली लेकरं काही एसटीची वेळ बघून आजारी पडत नाहीत. म्हणून उन्हाळ्यात ती गाडी चालवायला शिकली, लायसन्स काढलं आणि जुनी पांढरी गाडी घरी आली. आता तीन आठवड्यांपासून हे उचक्यांचं प्रकरण सुरू होतं. मंगरू मिस्त्रीनं प्लग बदलले, मग मान हलवून सांगितलं की टाकीतला पंप गेला असेल, गाडी आठ दिवस ठेवून जा. आळीचं निदान मात्र बिनखर्चाचं होतं: बाईच्या हातची गाडी, दुसरं काय! अमरकाकानं तर थेट औषधच शोधून आणलं होतं. लाखांदूरचे भैय्यालाल जुन्या गाड्या घ्यायचे. उद्या चार वाजता ते गाडी बघायला येणार होते.

त्या संध्याकाळी रीनानं गाडीची किल्ली सासूसमोर, म्हणजे धुरपताआजीसमोर ठेवली.

"देऊन टाकू, मामीजी. गाडीत काही खराबी नसन. मलेच नाही जमत."

तृप्तीला धक्का बसला. साध्या पोटदुखीच्या माणसालाही आई दहा प्रश्न विचारल्याशिवाय गोळी देत नसे. आणि या रोग्याला तिनं एकही प्रश्न न विचारता दोष स्वतःवर घेऊन टाकला होता!

दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर तृप्ती, अनुप आणि गोलू या तिघांची बैठक बसली. दिवाळीच्या सुट्टीच्या अभ्यासाची वही तृप्तीनं मागच्या बाजूनं उघडली आणि वर ठळक लिहिलं: केसपेपर. रुग्णाचं नाव, पांढरी गाडी. वय, नऊ वर्षं. तक्रार, जोर दिला की उचकी. खाली आईचे नेहमीचे तीन प्रश्न: कधीपासून? कशानं वाढतं? कशानं कमी होतं?

"ड्रायव्हर बदलला तर कमी होते का, हे पण लिव ना," गोलू म्हणाला.

गोलूच्या वडिलांचं धान्याचं दुकान होतं आणि गोड बोलण्याची कला त्याला घरातूनच मिळाली होती. तो अमरकाकाकडे गेला आणि म्हणाला की, भैय्यालाल यायच्या आधी एखाद्या पक्क्या ड्रायव्हरनं गाडी फिरवून ठेवली तर बरं, पण असा माणूस आळीत आहे कुठं? दहाव्या मिनिटाला काका वहिनीकडून किल्ली मागून घेऊन स्टिअरिंगमागे बसला होता आणि तिघं मागच्या सीटवर.

पाळ चढताना गाडी काकाच्या हाती पाच वेळा उचकली. पहिल्या उचकीला काकानं उन्हाला दोष दिला, दुसरीला पेट्रोलला, तिसरीला रस्त्याला. चौथीला तो नुसताच खाकरला आणि पाचवीला गप्प बसला. तृप्तीनं लिहिलं: ड्रायव्हर बदलून पाहिला. फरक नाही.

पण एवढ्यानं काही भागणार नव्हतं. गाडीच बिघडलेली आहे म्हटल्यावर काका ती विकायची आणखीच घाई करणार. रोग सापडायला हवा होता, आणि तोही चारच्या आत.

दुपारी आजीनं तिघांना ताक दिलं. अनुपनं पपईच्या पानाचा पोकळ देठ तोडून आणला आणि त्याच्या नळीनं ताक प्यायला लागला. थोड्याच वेळात त्यानं कुरकुर केली, "ओढूनच नाही राहिलं वो!"

नळीच्या तोंडाशी कोथिंबिरीचं पान आलं होतं. हळू ओढलं की ताक बाजूनं येत होतं. जोरात ओढलं की पान तोंडावर चिकटत होतं आणि ताक बंद. तृप्तीनं आपला पेला खाली ठेवला.

"अनुप, पुन्हा ओढ. हळू. आता जोरात."

अनुपनं तीनदा करून दाखवलं. चौथ्यांदा ताक संपलं.

"गोलू, पाय दाबला की इंजीन जास्त काय ओढते?"

"पेट्रोल."

"आणि हवा! हवेशिवाय काही जळते का? गाडीच्या हवेच्या नळीत असंच काहीतरी अडकलं आहे."

राहिला प्रश्न, कधीपासून? त्याचं उत्तर आजीकडे होतं. विजयादशमीला सगळे दीक्षाभूमीला नागपूरला निघाले, तेव्हा भिवापूरच्या अलीकडे गाडी पहिल्यांदा खोकली होती. आदल्या संध्याकाळी ती ठणठणीत होती. मध्ये काय झालं? आजीला एवढंच आठवत होतं, की भल्या पहाटे उठून अमरनं गाडी धुतली होती.

चारच्या ठोक्याला भैय्यालाल आले. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, बोनेट उघडलं आणि चष्मा वर केला. इंजीन तर चकाचक आहे, म्हणाले.

काका फुलला. "मीच धुतलं जी, दसऱ्याच्या पहाटे. मोटरपंपाचं पाणी मारून."

तृप्तीनं अगदी हळू विचारलं, "काका, एवढं पाणी मारलं, ते हवेच्या नळीत नाही गेलं?"

"जाईन कसं? मी येडा आहो का? नळीच्या तोंडात माझा खांद्यावरचा दुपट्टा कोंबला होता ना!"

"मंग काढला कधी?"

काकाचा हात आपोआप खांद्याकडे गेला. तिथं तो दुपट्टा दसऱ्यापासूनच नव्हता. त्या पहाटे सगळे तयार होऊन उभे होते, निघायची घाई होती, आणि त्यानं धाडकन बोनेट लावलं होतं. बिचारा वहिनीसाठीच तर एवढ्या पहाटे उठला होता.

रीना पुढं आली. इंजीन बंदच होतं, तरी तिनं किल्ली आधी काढून घेतली. मग नळीच्या तोंडाचा क्लिप सैल केला आणि लेकराचा घसा तपासावा तशी दोन बोटं आत घातली. आधी आत ओढल्या गेलेल्या काळवंडलेल्या दशा आल्या, मग चौकडीचं एक टोक, मग आख्खा दुपट्टा.

कोणी काही बोलायच्या आत ती गाडीत बसली. भैय्यालाल शेजारी आणि तृप्ती मागे. बाकीचे पाळीच्या पायथ्याशी उभे राहिले. रीनानं पाय दाबला आणि गाडी एका दमात वर गेली. वर पोहोचल्यावर ती थांबली. रीनानं हँडब्रेक ओढला आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले.

"मले वाटलं होतं, मलेच..." एवढंच तिच्या तोंडून आलं.

भैय्यालालनी दुसरीकडे बघत चष्मा पुसला. खाली आल्यावर मात्र ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ही गाडी काही विकायची नाही, अन् मी घेतही नाही. पण पोरी, माझे मिस्त्री पंधरा-पंधरा वर्षांपासून पाने फिरवून राहिले, हा प्रश्न त्यायनं कधी विचारला नसता. शाबास!" गोलू-अनुपच्या पाठीवरही त्यांनी एकेक थाप दिली. मंगरूला हे सांगायला आपण स्वतः जाऊ, असं गोलूनं तिथल्या तिथं जाहीर केलं.

"वहिनी, चुकलं माझं," काका जमिनीकडे बघत म्हणाला. मग वातावरण सावरायला त्यानं सवयीनं हात पुढं केला. "द्या किल्ली. भैय्यालालजीले स्टँडवर सोडून देतो."

रीनानं किल्लीवर मूठ आवळली. "राहू द्या, अमरभाऊ. मी सोडते."

गाडी वळली आणि न उचकता स्टँडच्या रस्त्याला लागली. काकाचा हात तसाच पुढं राहिला होता. धुरपताआजीनं त्यावर तो काळाकुट्ट दुपट्टा ठेवला.

"हे धर. धुवायची मोठी हौस आहे ना तुले."