गाण्याचा दुसरा अर्थ

भुताटकी रात्रीच होते असं मलाही वाटायचं.

हे भर दुपारी घडलं. मागच्या जानेवारीत, तीर्थपुरीत, दुपारी दीडच्या सुमारास. यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. उलट जे लिहायला लाज वाटते, तेही लिहितोय.

मी सोमेश्वर. ज्युनिअर कॉलेजात अकरा वर्षं इंग्रजी शिकवलं. जुन्या विलायती रॉक गाण्यांचा मला भारी नाद. कोणी अर्थ विचारला की मी फुलून जायचो.

असाच अर्थ विचारायला सूरज यायचा. शेजारच्या द्वारकाबाईंचा एकुलता एक. त्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायच्या, आणि हा दिवसभर गिटार घेऊन बसायचा. एका गाण्याने तर त्याला वेडच लावलं होतं. पन्नास वर्षांपूर्वीचं गाणं. नाव लिहीत नाही. कोणी शोधून ऐकू नये.

वरवर पाहता एक मुलगा घर सोडून निघालाय, एवढंच.

पण तिसऱ्या कडव्यात काळ बदलतो. वर्तमानाचा अचानक भूतकाळ होतो. मी सूरजला समजावलं, "अरे, हा गाणारा पहिल्या ओळीपासून मेलेला आहे. आईला तो सांगतोय, मी चाललो. माझ्या आवाजात कोणी हाक मारली तरी दार उघडू नको. तो मी नसेन."

"मंग कोण असंल, सर?"

"वाट बघणाऱ्या घरांवर टपून बसलेलं काहीतरी."

तो हसला. खोलीत आम्ही दोघंच होतो. हे लक्षात ठेवा.

पंधरा दिवसांनी सूरज गेला. बँडमध्ये वाजवायला पुण्याला जायचं म्हणून आईशी कडाक्याचं भांडण झालं. त्या म्हणाल्या, "गेलास तर परत तोंड दाखवू नको." तो गाडी काढून निघाला. अंबड रोडवर अंधारात उसाची ट्रॉली उभी होती. मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी द्वारकाबाई त्याचा फोन घेऊन माझ्याकडे आल्या. काच फुटली होती, पण गाणं वाजत होतं.

"सर, हा बाबा घडीघडी एकच म्हणून राह्यलाय. गोइंग, गोइंग. माझं लेकरू मरस्तोवर हेच ऐकत होतं. म्हंजे काय ओ?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "त्या दिवशी येतो म्हणला न्हाई ओ. जातो म्हणला. कोणी घरातून निघताना जातो म्हणतं का?"

त्यांचा चेहरा बघवेना.

मी म्हणालो, "गोइंग म्हणजे... येतो."

पाचवीतलं पोरगंही हसलं असतं. पण मला वाटलं, यात खोटं ते काय? निघताना आपण येतोच म्हणतो.

तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. "आणि पुढं काय म्हणतो?" त्यांनी विचारलं. मला त्यांचे डोळे पुसायचे होते. मी म्हणालो, "आई, दार उघडं ठेव."

सूरजला मी खरा अर्थ सांगितला होता. त्याच्या आईला खोटा.

काच बदलून आणतो म्हणून फोन मी ठेवून घेतला. चार्जिंग संपून तो बंद पडला आणि माझ्या ड्रॉवरमध्ये तसाच राहिला.

द्वारकाबाईंचं रडणं थांबलं. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

शाळेतून आल्या की दीड वाजता त्या दार सताड उघडं ठेवायच्या. एक कुत्रं रोज उरलेल्या खिचडीसाठी तिथे बसायचं. ते यायचं बंद झालं. मग त्या बोळातून कोणतंच कुत्रं जाईना...

रविवारी मी घरी होतो. बायको, तृप्ती, बाळंतपणाला राजूरला माहेरी गेलेली. घर शांत. बरोबर दीड वाजता शेजारून गाणं ऐकू आलं...

तेच गाणं.

मी ड्रॉवर उघडला. फोन आतच होता. बंद.

गाण्याखाली अजून एक आवाज होता... कोणीतरी मचमच जेवत होतं.

संध्याकाळी द्वारकाबाई अंगणात दिसल्या. गाल बसलेले, पण चेहऱ्यावर हसू.

"आला ओ, सर. तुम्ही म्हणलेच होते. मी भरवल्याबिगर जेवत न्हाई. इतकी भूक त्याला कधीच नव्हती."

त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना चिंधी बांधली होती.

"हे काय झालं?"

"घास घेताना दात लागला. भुकेलंय लेकरू."

तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. मी "काळजी घ्या" म्हणालो आणि घरात येऊन कडी लावली. असा मी भित्रा.

तीन दिवस मला झोप नाही. चौथ्या दिवशी कॉलेजच्या स्टाफरूममधून त्यांना फोन केला. समोर उभं राहून बोलायची हिंमत नव्हती. घड्याळात एक चाळीस झाले होते.

"द्वारकाबाई, माझं चुकलं. त्या गाण्यात येतो नाही. जातो आहे. तो म्हणतो, दार उघडू नको. जो हाक मारेल तो मी नसेन."

पलीकडे नुसतं मचमच...

मग त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "मंग सर... हे कोण जेवून राह्यलंय?"

मचमच थांबली.

आणि फोनवर सूरजचा आवाज आला. अगदी शांत.

"सर, मला तर दुसराच अर्थ सांगितल्ता."

फोन कट. सूरजला तर मी हाच अर्थ सांगितला होता.

मी गाडीवर सहा मिनिटांत पोहोचलो. रोज उघडं असणारं दार आतून बंद होतं. गल्लीतल्या लोकांनी ते तोडलं. द्वारकाबाई ताटासमोर मांडी घालून बसल्या होत्या. डोळे उघडे. ताट चाटूनपुसून लख्ख.

त्यांच्या उजव्या हाताला एकही बोट नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, हार्ट फेल. आणि बोटं? म्हणाले, घुशी असतील. सहा मिनिटांत घुशी पाच बोटं खातात का, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही.

राजूरला तृप्तीला फोनवर सांगितलं, "द्वारकाबाई झोपेतच गेल्या गं. काही त्रास झाला नाही." ओल्या बाळंतिणीला अजून काय सांगणार?

ती नोकरी मी सोडली. आता आम्ही जालन्यात राहतो. मुलगा आठ महिन्यांचा आहे. घरात गाणी लावत नाही. तृप्तीने कारण विचारलं तेव्हा डोकं दुखतं म्हणालो.

परवा पाच वाजता घरी आलो. दार सताड उघडं. तृप्ती ओट्यापाशी चहा टाकत होती.

"अहो, दुपारी तुमचा विद्यार्थी आल्ता. तीर्थपुरीचा. तोंडाला रुमाल बांधलेला, वळखू आला न्हाई. सर हायेत का म्हणला. मी म्हणलं, न्हाईत. तर म्हणला, बरं, येतो."

मी विचारलं, "मग गेला ना?"

"मला वाटलं चालला. पण येतो म्हणला आन् आतच आला. लई भूक लागली म्हणे. मी वरणभात वाढून राह्यले, तर म्हणतो, नको, सरांच्या बाळाला खेळवतो. तिकडंच हाय अजून."

मी आतल्या खोलीत धावलो.

खोलीत कोणीच नव्हतं. पाळणा हलत होता. बाळ वर बघून हसत होतं...

मी आधी त्याचा उजवा हात हातात घेतला. बोटं मोजली. पाचही होती.

पण ओली होती. पार मुळापर्यंत. आणि अंगठ्याच्या बुडाशी बारीक लाल वळ उठले होते. आमच्या बाळाला अजून एकही दात आलेला नाही.

मागून तृप्ती आली. "गेला का ओ तो? आन् हे काय झालं हाताला?"

"काही नाही," मी म्हणालो. "लहान मुलं बोटं चोखतातच."